ताईला ल्युपस आहे आणि आता मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा सापडलाय. थांबावं की करून घ्यावं?

देवगड_भाऊ

नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यातले. माझी मोठी बहीण ३४ वर्षांची, अंगणवाडी सेविका आहे. तिला ल्युपस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार. निदान २०१५ ला झालं. त्याआधी दोन वर्षं सगळे उन्हाची अ‍ॅलर्जी म्हणून मलमं देत होते, कारण आंबा उतरवायच्या दिवसांत ती बागेत आली की गाल पेटल्यासारखे लाल व्हायचे. मग बोटांचे सांधे, केस गळणं. २०१९ ला लघवीतून प्रथिनं जायला लागली, किडनीची बायोप्सी झाली. सध्या ल्युपस दाबून ठेवायला एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन), मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड ७.५ मिग्रॅ चालू आहे. बीपीची गोळी आहे, पण घरी बीपी मोजत नाही.

गेल्या महिन्यात डाव्या हाताला मुंग्या येतात म्हणून मानेचा आणि डोक्याचा एमआरआय केला, सोबत एमआर अँजिओ, म्हणजे धमन्यांचं चित्र. मुंग्या मानेच्या मणक्यामुळे आहेत म्हणाले. पण रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत लिहिलंय की डाव्या बाजूला पोस्टीरियर कम्युनिकेटिंग धमनीच्या तोंडाशी ५ मिमीचा अॅन्युरिझम आहे. म्हणजे धमनीच्या भिंतीला आलेला फुगा. शोधायला गेलो एक आणि सापडलं हे.

मेंदूचे एक सर्जन म्हणाले, वय कमी आहे, कॉइल करून टाका. दुसरे म्हणाले, घाई नको, सहा महिन्यांनी पुन्हा अँजिओ करून बघू. ल्युपसच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या महिन्यातली आहे, त्यांना अजून कळवलेलं नाही. आई रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं घालून आली. बाबा काही बोलत नाहीत.

ताईला आम्ही फक्त मणक्याचं सांगितलंय. फुग्याचं कळलं तर घाबरून बीपी वाढेल असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. रिपोर्ट माझ्या कपाटात आहे.

मला विचारायचंय ते असं. ल्युपसमुळेच हे होतं का? फुटण्याचा धोका नक्की किती? कॉइल, क्लिप, आणि एक जाळीची नळी बसवतात म्हणे, त्यात ल्युपसच्या माणसाने काय बघायचं? आणि योजनेत बसतं का? कुणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया लिहा.

सिस्टर_रत्नागिरी

मुंबईत मेंदूच्या आयसीयूत २२ वर्षं काम केलं, आता घरी असते. निर्णय डॉक्टरांचा, पण एक गोष्ट आजच सांगायला हवी म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून लिहिते.

तुमच्या बहिणीचा फुगा ज्या जागी आहे, तिथून डोळा हलवणारा एक मज्जातंतू अगदी खेटून जातो. फुगा न फुटता नुसता वाढला तरी तो दाबला जातो. डावी पापणी अचानक खाली आली, डावी बाहुली उजवीपेक्षा मोठी दिसली, एकाच्या दोन वस्तू दिसायला लागल्या, तर चष्म्याच्या दुकानात किंवा डोळ्यांच्या शिबिरात जायचं नाही. जिथे मेंदूचे सर्जन आहेत तिथे त्याच तासाला निघायचं. आजच तिचा चेहऱ्याचा एक सरळ फोटो काढून ठेवा. पुढे शंका आली तर तुलना करता येते.

आता धोक्याचं. मोठ्या माणसांत साधारण शंभरात तिघांना असा फुगा असतो आणि बहुतेकांचा जन्मभर फुटत नाही, हे आधी आईला सांगा. २००३ मध्ये न फुटलेल्या फुग्यांचा एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला होता. त्यात मेंदूच्या पुढच्या बाजूच्या धमन्यांवरचे ७ मिमीपेक्षा लहान फुगे, आधी कधी रक्तस्राव न झालेल्यांचे, पाच वर्षांत जवळजवळ फुटलेच नाहीत. पण मागच्या बाजूचे आणि तुमच्या बहिणीच्या जागेवरचे लहान फुगे पाच वर्षांत सुमारे अडीच टक्के फुटले. म्हणजे ५ मिमी हा आकडा एकटा काही सांगत नाही, जागा बघावी लागते. आणि हे आकडे सर्वसाधारण माणसांचे आहेत. ल्युपसवाल्यांना ते जसेच्या तसे लावता येत नाहीत, म्हणून तुमचे दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतायत. दोघांचंही चूक नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा बहुतेकांची कवटी उघडून फुग्याच्या मानेला टायटॅनियमची क्लिप लावायचे. नंतर कॉइल वाढल्या. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी वर नेतात आणि फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची गुंडाळी भरतात, आत रक्त गोठतं, प्रवाह बंद. २००२ मध्ये फुटलेल्या फुग्यांवरची मोठी तुलना छापून आली. वर्षभरानंतर दगावलेले किंवा परावलंबी झालेले रुग्ण कॉइलमध्ये सुमारे २४ टक्के आणि क्लिपमध्ये सुमारे ३१ टक्के होते. मात्र कॉइल काही वर्षांत दबून फुगा पुन्हा उघडण्याचं प्रमाण क्लिपपेक्षा जास्त, म्हणून पुढे अँजिओ करत राहावं लागतं.

तुम्ही म्हणता ती जाळीची नळी म्हणजे फ्लो डायव्हर्टर. ती बसवली की अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारख्या दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या काही महिने चुकवता येत नाहीत. तुमच्या बहिणीला ल्युपसची किडनी आहे. मधेच पुन्हा बायोप्सीची वेळ आली तर त्या गोळ्या सहज थांबवता येणार नाहीत. हे सर्जनला तुम्ही विचारायला हवं, कारण ते त्यांच्या डोळ्यासमोर असेलच असं नाही. शिवाय अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी तपासल्या आहेत का ते जुन्या फाईलमध्ये बघा. त्या असतील तर रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वेगळा, आणि रक्त पातळ करण्याचं सगळं गणितच बदलतं.

मालवणची_बाई

भाऊ, मी मालवणला प्राथमिक शाळेत शिकवते. वय ५१. ल्युपस २००६ पासून, किडनीलाही ल्युपसचा चौथ्या वर्गाचा आजार. माझ्या डोक्यात दोन फुगे होते. एक फुटला, त्यात कॉइल आहे. दुसरा न फुटता क्लिप करून घेतला. त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मी अंगावर घेतल्या आहेत. लांब लिहिते, वेळ काढून वाचा.

२०१७ ची नारळी पौर्णिमा. आमच्याकडे त्या दिवशी अख्खं गाव दुपारनंतर बंदरावर असतं, सोन्याचा नारळ समुद्राला देतात, बायका नारळ लढवतात. मी सकाळी नारळीभातासाठी आडाळ्यावर खोबरं खवत बसले होते. आकाशवाणीवर पुणे केंद्राच्या बातम्या नुकत्याच लागल्या होत्या, म्हणून वेळ छातीठोक सांगते, सात वाजून पाच-सहा मिनिटं. खवता खवता डोक्याच्या मागे काहीतरी झालं. हळूहळू वाढलं नाही. आधी नव्हतं आणि एका श्वासात होतं, पूर्ण. हातातली वाटी मी कधी सोडली ते आठवत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "पित्त झाला असतला गो. काल उपाशी रवलंस." लिंबू पिळून दिलं. मलाही तेच वाटलं, कारण ल्युपसमध्ये माझं डोकं महिन्यातून दोनदा दुखायचंच. जवळच्या दवाखान्यात गेले, तिथेही मी स्वतःच म्हणाले, "माझं डोकं नेहमी दुखतं." मग त्यांनी पित्ताचं इंजेक्शन दिलं. दुपारी तीन उलट्या. उजेड सहन होईना, दारं बंद केली. संध्याकाळी मान पुढे वळेना तेव्हा मुलगा घाबरला आणि १०८ बोलावली. सीटी स्कॅन झालं तेव्हा रात्रीचे सव्वासात. बारा तास गेले होते. स्कॅनमध्ये मेंदूच्या तळाशी पांढरं चांदणं पसरल्यासारखं दिसत होतं, ते रक्त.

हे बारा तास मी आजही मोजते. फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सगळ्यात जास्त असतो, आणि दुसऱ्यांदा फुटला की माणूस सहसा राहत नाही. मी वाचले. पण दवाखान्यात मी चुकीचं उत्तर दिलं होतं. मला विचारलं, किती दुखतंय. मी म्हटलं, खूप. ल्युपसच्या बाईने "खूप दुखतंय" म्हटलं तर कोण दचकणार? सांगायचं होतं ते हे की सात-पाचला सुरू झालं आणि सुरू झालं तेव्हाच सगळ्यात जास्त होतं. सगळा फरक त्या एका वाक्यात आहे. अर्धशिशी चढत जाते. हे चढत नाही, कोसळतं.

आणि म्हणून, भाऊ, तुमच्या कपाटातला तो रिपोर्ट मला झोपू देणार नाही. ते डोकं तुमच्या ताईचं आहे. तो क्षण आला तर तिलाच कळणार, अंगणवाडीत वीस पोरं समोर असताना, तुम्ही बागेत असताना. तिला माहीत नसेल तर ती मुकाट्याने लिंबू पिळून घेईल. माझ्यासारखीच. ती घाबरेल म्हणता. घाबरू दे. आठ दिवस घाबरेल आणि मग विचारायला लागेल. दोन वर्षं मलमं लावून, बायोप्सी करून घेऊन रोज कामावर जाणारी बाई आहे ती.

आता ल्युपसमुळे होतं का, याबद्दल मला माझ्या डॉक्टरांनी समजावलं ते सांगते. ल्युपसवाल्यांमध्ये असा रक्तस्राव इतरांपेक्षा जास्त दिसतो. कारणं एकापेक्षा जास्त. क्वचित ल्युपसची सूज थेट धमनीच्या भिंतीत शिरते आणि भिंतीचा थर मरतो, तिथे फुगवटा येतो. असे फुगे कधी एकापेक्षा जास्त असतात, कधी फांदीच्या तोंडाशी न येता भलत्याच जागी असतात, कधी पिशवीसारखे नसून धमनीच सगळीकडून फुगलेली असते. पण बहुतेकांत कारण संथ असतं. किडनीमुळे वर्षानुवर्षं चढलेलं बीपी, दीर्घकाळचं स्टिरॉइड, लवकर कडक होणाऱ्या धमन्या. माझ्यात बहुधा हेच होतं. म्हणून ताईच्या रिपोर्टमध्ये फुगा पिशवीसारखा आहे की लांबट, ते वाचा. दोन्हींचा रस्ता वेगळा आहे.

गोव्याला पोचलो रात्री अकराला. पावसात हायवेचं काम चालू होतं, मी शुद्धीत होते आणि प्रत्येक खड्डा डोक्यात मोजत होते. दुसऱ्या दिवशी कॉइल. तिथे ल्युपसने काय काय अडवलं ते नीट वाचा, कारण हे कुठल्या पत्रकात मिळत नाही. क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ताची तपासणी) वाढून १.६ होतं, अँजिओच्या डायने, म्हणजे धमन्या दिसाव्यात म्हणून सोडतात त्या औषधाने, किडनी आणखी बसू शकते, म्हणून आधी सलाईन चालवलं आणि डाय मोजून वापरला. अकरा वर्षं स्टिरॉइड घेतल्यावर शरीर स्वतःचं बनवायचं जवळजवळ सोडून देतं, आणि अशा ताणाच्या वेळी ते मिळालं नाही तर बीपी कोसळतं. माझी प्रेडनिसोलोनची गोळी त्या धावपळीत चुकली होती. माझ्या नणंदेने आयसीयूच्या दारात उभं राहून सांगितलं, "ही रोज स्टिरॉइड घेते, अकरा वर्षं." तेव्हा हायड्रोकॉर्टिसोन सुरू झालं. ल्युपसची फाईल घरी राहिली होती, मुलाने पानापानाचे फोटो पाठवले.

फुटल्यानंतरचे दोन आठवडे खरे कठीण. चौथ्या दिवसापासून मेंदूच्या धमन्या आकसायला लागतात, त्यातून पक्षाघात येऊ शकतो. त्यासाठी निमोडिपिन, दर चार तासांनी, २१ दिवस. रात्री दोनला उठवायचे, पहाटे सहाला उठवायचे. रक्तातलं सोडियम खाली गेलं. गंमत नाही, खरंच सांगते, किडनीसाठी अकरा वर्षं मीठ तोललं आणि तिथे मिठाच्या गोळ्या खाव्या लागल्या. सहाव्या दिवशी मला मुलाचं नाव सुचेना. दोन दिवसांनी सुचलं. तो अजून त्याबद्दल बोलत नाही.

दुसरा फुगा उजवीकडे, ३ मिमीचा, तेव्हा सोडून दिला होता. दरवर्षी एमआर अँजिओ व्हायची, डाय न घालता, कारण मेंदूच्या धमन्या त्या पद्धतीने डायशिवायही दिसतात. किडनीवाल्यांनी हे मुद्दाम विचारावं. २०१९ ला ल्युपस उफाळला, सांधे सुजले, लघवीत प्रथिनं वाढली, आणि त्याच वर्षीच्या अँजिओत तो फुगा ४.५ चा झाला होता. दोन्हीचा संबंध होता की योगायोग, कुणी छातीवर हात ठेवून सांगितलं नाही. पण वाढणारा फुगा थांबायला सांगत नाही. या वेळी सर्जन आणि माझा ल्युपस बघणारे संधिवाताचे डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलले, मी समोर बसले असताना. आधी तीन महिने औषध वाढवून ल्युपस शांत केला, संसर्गाचा धोका म्हणून स्टिरॉइड जमेल तितकं खाली आणलं, आणि जानेवारी २०२० मध्ये क्लिप केली. त्या फुग्याचं तोंड रुंद होतं, कॉइल आत टिकली नसती.

क्लिपचं लोक फार घाबरवतात. कानाच्या वरचे अर्धे केस गेले, कानशिलावर बोट बुडेल एवढा खळगा आहे. तोंड उघडताना जबडा दुखायचा, आठवडाभर उकड्या तांदळाची पेज आणि मऊ भात एवढंच. पण पाचव्या दिवशी मी चालत होते. पहिल्या वेळी महिना लागला होता. न फुटलेला करून घेणं आणि फुटल्यावर करणं या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत, एका शब्दात बसत नाहीत. तरी याचा अर्थ ताईने लगेच करावं असा काढू नका. न फुटलेल्यालाही उपचारात पक्षाघाताचा थोडा धोका असतोच, तो त्या सर्जनला आकड्यात विचारा, आणि स्वतः अशा किती केसेस केल्या तेही विचारा. कुणी रागवत नाही, आणि रागावले तर कळलंच.

निर्णय होईपर्यंत तुमच्या हातात काय आहे? बीपी मोजण्याचं मशीन उद्या घ्या. सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा. खारा बांगडा, सुकट, लोणचं, पापड बंद, हे कोकणात सांगायला जीवावर येतं पण बंद. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर तिच्या आसपास नको, आणि मशेरी लावत असेल तर तीही सोडायला सांगा. सांधे दुखतात म्हणून दुकानातून पेनकिलर आणू नका, किडनी आणि बीपी दोन्ही बिघडवतात. एचसीक्यू कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायची नाही. "डोक्याचं ऑपरेशन आहे, बाकी गोळ्या थांबवा" असं मला शेजारच्यांनी सांगितलं होतं. आणि ल्युपसच्या डॉक्टरांची पुढच्या महिन्यातली वेळ पुढच्या महिन्यात नको. फोन करा, रिपोर्टचा फोटो पाठवा, अॅन्युरिझम हा शब्द वापरा.

योजनेचं: महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रिया आहेत. पण कुठल्या रुग्णालयात कॉइलचा खर्च किती बसतो ते तिथल्या आरोग्यमित्राला समोर बसून विचारा, फोनवर नको. रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा.

कुडाळ_रिक्षा

बाईंनी लांबट फुग्याचं लिहिलं म्हणून सांगतो. माझ्या मिसेसला तोच होता, मानेच्या मागून वर जाणाऱ्या धमनीवर. तिला ल्युपस तीन वर्षांचा, त्या वेळी पूर्ण भडकलेला, ताप, चट्टे, रक्तात सगळं वरखाली. धमनीच्या भिंतीचा खास एमआरआय केला, त्यात भिंत सुजलेली दिसली. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, इथे क्लिप लावायला मानच नाही, आधी आग विझवू. तीन दिवस शिरेतून मोठं स्टिरॉइड, मग दर महिन्याला सायक्लोफॉस्फामाइड, सहा वेळा. दर वेळी कोकण रेल्वेने जायचं, सलाईन लावून रात्रीच्या गाडीने परत. सहाव्या महिन्याच्या अँजिओत फुगवटा निम्म्याहून कमी झाला होता. आता दोन वर्षं झाली, तेवढाच आहे.

पण सर्जन सुरुवातीपासून सोबत होते आणि दर सहा आठवड्यांनी स्कॅन होत होतं, कारण अशा सुजेतले फुगे थोड्या दिवसांत वाढतातही. नुसत्या औषधाने जातं असं ऐकून कुणी घरी बसू नये. आणि सायक्लोफॉस्फामाइडने पाळी बंद होऊ शकते, मूल हवं असेल तर आधी बोला. आम्हाला ते उशिरा कळलं.

देवगड_भाऊ

सगळ्यांचे आभार. रिपोर्ट पुन्हा वाचला, पिशवीसारखा लिहिलंय, तोंड २ मिमी. जुन्या फाईलमध्ये अँटिफॉस्फोलिपिड २०१९ ला निगेटिव्ह आहे. ल्युपसच्या डॉक्टरांना फोटो पाठवला, त्यांनी तासाभरात स्वतः फोन केला आणि सोमवारी बोलावलंय, सर्जनशी आधी बोलून ठेवते म्हणाल्या.

सिस्टर, फोटो काढायला ताईला काय कारण सांगू तेच सुचत नाहीये. बाई, तुमचं पटतंय. आईला पटवायला वेळ लागेल.

मालवणची_बाई

आईला शेवटी सांगा. आधी ताईला. कारण शोधू नका, रिपोर्ट हातात द्या आणि शेजारी बसा.

देवगड_भाऊ

काल संध्याकाळी सांगितलं. पडवीत बसली होती, पोषण आहाराचा हिशेब लिहीत. रिपोर्ट पुढे केला. तिने तो उघडलाही नाही. म्हणाली, "माका बारा दिवस झाले कळान. तुझ्या मोबाइलात बघितलंय. तुमी सांगूक नाय, म्हणान मीय बोलूक नाय."

बारा दिवस ती आमच्यासाठी गप्प होती आणि आम्ही तिच्यासाठी. मला पुढे बोलता आलं नाही, तिनेच पाणी आणून दिलं. मग वही दाखवली. आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाईंच्या मशीनवर ती रोज दुपारी बीपी मोजून घेतेय, तारखेसकट लिहिलंय. पहिले आठ दिवस १३० च्या आसपास, गेले चार दिवस १४८/९४, १५०/९६, १४६/९२, १५२/९६. पायही थोडे सुजलेत म्हणाली. हे टेन्शनमुळे असेल ना?

बाहुल्या दोन्ही सारख्या आहेत. फोटो तिनेच काढायला लावला.

मालवणची_बाई

भाऊ, टेन्शन म्हणून सोडू नका. पाय सुजणं आणि बीपी सोबत आलं तर किडनी असू शकते. सोमवारपर्यंत थांबू नका. ते चारही आकडे आत्ता डॉक्टरांना कळवा, उद्या सकाळची पहिली लघवी, त्यातली प्रथिनं आणि क्रिएटिनिन करून घ्या, आणि बीपीची गोळी वाढवायची का ते विचारा. फुग्याचा निर्णय त्यानंतर.

वही ताईकडेच राहू दे. सोमवारी डॉक्टरांसमोर तिलाच बोलू द्या, तुम्ही मागे बसा. आणि तिला माझा निरोप द्या, मालवणला यायचं झालं तर शाळा सुटल्यावर मी घरीच असते.